बंद गाडीला पहिल्याच दिवशी सेल्फ मारू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला आणि चतुर्थीची गडबड ओसरली, की गोव्यातल्या जुन्या घरांतून आवराआवर सुरू होते आणि मांगरात ताडपत्रीखाली, सुक्या झावळ्यांआड किंवा नारळाच्या ढिगामागे वर्षानुवर्षे उभी असलेली आजोबांची गाडी पुन्हा घरच्यांच्या नजरेस पडते. मुक्तीपूर्व काळात आलेल्या मॉरिस, ऑस्टिन, ओपेल, फोक्सवॅगन किंवा त्यानंतरच्या फियाट आणि अँबेसेडर अशा गाड्या आजही फोंडा, डिचोली, सासष्टी या तालुक्यांतल्या कित्येक घरांत आहेत. अलीकडे तरुण मुलांना त्यांची ओढ वाटू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ओढ वाटली की मुले लगेच शेजारच्या गाडीची बॅटरी काढून आणतात, टाकीत दोन लिटर पेट्रोल ओततात आणि सेल्फ मारतात. गेल्या दोन वर्षांत अशा चार घरांतून मला बोलावणे आले आणि त्यांपैकी तीन ठिकाणी मी पोचण्यापूर्वीच नुकसान होऊन गेले होते. माझ्या स्वतःच्या घरी हेच घडले असल्यामुळे, आपल्या वाचकांपुढे ही हकीकत सविस्तर मांडावी असे मनापासून वाटले आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमची गाडी मॉरिस मायनर १०००. माझ्या आजोबांनी ती १९५८ साली नवी घेतली. ९४८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, चार गिअर आणि त्यांतला पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय न पडणारा. ज्या ॲलेक इसिगोनिस यांनी पुढे १९५९ मध्ये मिनी ही गाडी जगाला दिली, त्यांनीच ही मायनर आखली होती. १९४८ साली ती लंडनच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दाखवली गेली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी बंद होईपर्यंत तिच्या सोळा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. माझ्या लहानपणी मांडवीवरचा पूल नव्हता, तेव्हा आम्ही बेतीहून फेरीबोटीने गाडीसकट पणजीला उतरलो आहोत. बाबांनी किल्ली फिरवली की बॉनेटखालून पेट्रोल पंपाची टिक् टिक् ऐकू येई, कार्ब्युरेटर भरला की ती आपोआप थांबे, आणि मगच ते सेल्फची दोरी ओढत. ती टिकटिक थांबली नाही तर कुठेतरी पेट्रोल गळते आहे किंवा फ्लोटची सुई अडकली आहे, हे मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होते.

१९९४ साली ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळू लागला. सुटा भाग मिळेना, म्हणून बाबांनी गाडी कुळागराच्या कडेच्या मांगरात लावली. भाग मिळाला की काढू, असे म्हणता म्हणता सोळा वर्षे गेली. २०१० मध्ये बाबांच्या मनाने पुन्हा उचल खाल्ली आणि एका गॅरेजवाल्याला बोलावणे गेले. इंजिन जाम झाले आहे हे त्याच्या लक्षात आले होते. पण त्याने दुसरा गिअर टाकून गाडी दोरखंडाने जीपला बांधली आणि अंगणातून रस्त्यापर्यंत फरफटत नेली. मागची चाके न फिरता लाल मातीत दोन चर पाडत गेली, मग एक जोराचा हिसका बसला, आतून काहीतरी कडकन मोडल्यासारखा आवाज आला आणि चाके फिरू लागली. त्याने कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतले, पुन्हा ओढले आणि गाडी सुरू झाली. निळ्या धुराने अंगण भरून गेले. जमलेल्या सर्वांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र बॉनेटजवळ कान लावून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, कारण तिसऱ्या सिलिंडरची खरखर त्यांना तेव्हाच ऐकू आली होती. दहा-बारा मिनिटांनी इंजिन बंद पडले ते पडलेच. गाडी ढकलत मांगरात नेली. बाबा २०१६ साली गेले. त्यांच्या हयातीत ती पुन्हा बाहेर आली नाही.

त्या दिवशी आत काय झाले होते, ते आम्हाला अकरा वर्षांनी कळले. आपल्याकडच्या दमट हवेत उभ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये, जिथे एखादी झडप उघडी राहिलेली असते तिथून, बाहेरची ओल शिरते. पिस्टनच्या रिंगा बिडाच्या आणि सिलिंडरही बिडाचे, त्यामुळे दोहोंच्या मध्ये गंज धरतो आणि रिंग भिंतीला चिकटून बसते. हा गंज कागदाइतका पातळ असला तरी हिसका देऊन तोडायला गेले, तर गंज सुटण्याआधी ठिसूळ रिंगच तुटते आणि तिचा तुकडा प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरची भिंत कोरत जातो. आमच्या तिसऱ्या सिलिंडरला नखाला लागेल एवढी उभी चीर पडली होती. तेल दिले असते आणि आठवडाभर थांबले असते, तर ते इंजिन बहुधा न उघडताही वाचले असते. माझी सर्वांत मोठी खंत हीच आहे.

२०२१ मध्ये मी नव्याने सुरुवात केली, तेव्हा फोंड्याचे एक सत्तरी ओलांडलेले मेस्त्री आमच्या घरी आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, तेलाची पट्टी काढून बोटांत तेल चोळून पाहिले, वास घेतला आणि म्हणाले, "बाब, आज बॅटरीला हात लावायचा नाही. उद्याही नाही." त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते लाल पातळ तेल दोन-तीन चमचे सोडले, भोकांवर स्वच्छ फडके घातले आणि चहा घेऊन निघून गेले. तिसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेल सोडले. नवव्या दिवशी त्यांनी समोरून हँडल घातले, पण ते फिरवले नाही, नुसता तळहाताचा भार दिला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, असे करता करता हँडल अर्धा इंच हलले. तेवढ्यावर त्यांनी त्या दिवसाचे काम थांबवले. दोन दिवसांनी प्लग काढलेल्या अवस्थेतच इंजिन हाताने पूर्ण फिरले आणि भोकांतून तांबूस तेलाचे शिंतोडे उडाले. एकही गोष्ट मोडली नाही. सोळा वर्षांचा गंज हिसक्याने काढायला गेल्यावर जे मोडले होते, तेच काम सत्तावीस वर्षांनंतर दोनशे रुपयांच्या तेलाने आणि अकरा दिवसांच्या धीराने झाले.

जुनी जखम ठाऊक असल्यामुळे पुढे इंजिन उघडावेच लागले. तळाच्या पॅनमध्ये तेलाखाली पाणी आणि त्याखाली डांबरासारखा गाळ होता. नुसते तेल बदलून गाडी सुरू केली असती, तर हा गाळ पंपाच्या जाळीत बसून बेअरिंगांना तेलच मिळाले नसते. ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन चारही सिलिंडर वीस थाऊ (एका इंचाच्या हजार भागांपैकी वीस) बोअर करून घेतले आणि त्या मापाचे पिस्टन इंग्लंडहून मागवले. मायनरचे बहुतेक भाग तिथे अजूनही नवे तयार होतात, हे बाबांना १९९४ साली कळले असते तर किती बरे झाले असते, असे आजही वाटते. हेड उघडलेच होते, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतात तिथे टणक धातूच्या सीटा बसवून घेतल्या. हे काम अनेकांना अनावश्यक वाटते, पण त्याचे कारण समजून घ्यायला हवे. या इंजिनांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसे असे आणि त्याचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये उशीसारखा राही. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. लोकांच्या आरोग्यासाठी ते चांगलेच झाले, परंतु जुन्या मऊ बिडाच्या सीटा मात्र त्यानंतर उघड्या पडल्या. गाडी जोरात आणि लांब चालवली तर त्या झिजत जातात, व्हॉल्व्ह आत आत बसतो, टॅपेटची फट नाहीशी होते आणि एके दिवशी कॉम्प्रेशन जाते.

पेट्रोलचाच विषय निघाला आहे, म्हणून दोन शब्द अधिक लिहितो. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. आपल्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी चार महिने तशीच ठेवली, तर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात आणि जड म्हणून तळाशी बसतात. टाकीचा तळ तिथूनच गंजतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या या मिश्रणाने आधी फुगतात आणि मग भेगाळतात, आणि गरम एक्झॉस्टच्या वर भेगाळलेली पेट्रोलची नळी म्हणजे आगीला निमंत्रण आहे. टाकी उतरवून धुणे, इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घालणे, पंपाचा पडदा बदलणे आणि पावसाळ्यापूर्वी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे, एवढे केल्यावाचून जुन्या गाडीत आजचे पेट्रोल घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या टाकीतून १९९४ सालचे जे पेट्रोल निघाले ते काकवीसारखे घट्ट झाले होते आणि त्याला जुन्या वार्निशाचा वास येत होता. ते पंपातून कार्ब्युरेटरमध्ये गेले असते, तर सगळी भोके बुजली असती.

आता ब्रेक. गाडी सुरू करण्याच्या नादात सर्वांत जास्त दुर्लक्ष याच भागाकडे होते आणि खरे तर इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक व्हायला हवेत. मायनरचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याखालच्या पोकळ पट्टीत दडलेला असतो. तिथे पाणी साचते आणि वरून काही दिसत नाही. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आणि मागच्या प्रत्येक चाकाला एक, असे सहा व्हील सिलिंडर आहेत. आम्ही सहाही उघडले, तेव्हा चार पूर्ण जाम होते. ब्रेक ऑइलसुद्धा ओल शोषते आणि ती ओल आतून सिलिंडर खाते. बाहेरून पाहिले तर सगळे ठीक दिसते. याहून फसवा भाग म्हणजे रबरी नळ्या. आमच्या पुढच्या डाव्या चाकाची नळी बाहेरून नव्यासारखी होती. मी ती कापून पाहिली, तेव्हा आतले भोक फुगून सुईच्या टोकाएवढे उरले होते. पाय दाबला की जोराने ऑइल पुढे जाई, पण पाय काढल्यावर ते परत येत नसे आणि चाक धरून बसे. म्हणजे ब्रेक लागतो आहे असे पाहून चालक निश्चिंत होणार आणि उतारावर ते एकच चाक तापून गाडी एका अंगाला ओढली जाणार. तिन्ही रबरी नळ्या, सिलिंडरांतले सर्व रबरी बकेट आणि मास्टर सिलिंडर आम्ही नवे घातले आणि धातूच्या नळ्याही नव्या वाकवून घेतल्या. या कामात काटकसर करू नये. ब्रेक झाल्यावर टायरांकडे पाहावे. नक्षी शिल्लक असली तरी वीस-पंचवीस वर्षांचे टायर रस्त्यावर नेण्याच्या लायकीचे नसतात.

या गाडीचा आणखी एक भाग असा आहे, की तो ठाऊक नसेल तर जिवावर बेतते. पुढच्या चाकाचा उभा खांब खाली आट्यांच्या जोडात फिरतो आणि त्या जोडाला दर हजार मैलांनी ग्रीस द्यावे लागते. ग्रीस सुकले की आटे झिजतात आणि वळणावर किंवा गाडी मागे घेताना चाक सरळ निखळून आडवे होते. ग्रीसगन लावल्यावर जुने काळे ग्रीस बाहेर येऊन पाठोपाठ नवे दिसेपर्यंत दाबत राहावे. ते बाहेर येतच नसेल, तर भोक बुजले आहे असे समजून जोड उघडावा.

रंग आणि गादीकाम याविषयी मी फार लिहीत नाही. ती कामे शेवटची आणि ज्याच्या त्याच्या आवडीची आहेत. फक्त एक विनंती आहे, की रंगाआधी गाडीखाली झोपून पत्रा तपासावा. मायनरला वेगळी चॅसिस नाही, खालचा पत्राच सगळा भार पेलतो. दाराखालच्या पट्ट्या, जॅक लावायची आडवी पट्टी आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोके जिथे बसतात त्या जागा स्क्रूड्रायव्हरने जोरात टोचून पाहाव्यात. टोक आत गेले तर तिथे नवा पत्रा वेल्डिंगनेच बसला पाहिजे. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारणारे कारागीर मी पाहिले आहेत. तसा रंग पहिल्या वर्षी चकाकतो आणि गाडी आतून खचत राहते.

विजेच्या कामात आमच्या हातून दुसरी चूक झाली. या गाडीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. मी घरी नसताना आलेल्या एका तरुण इलेक्ट्रिशियनने सवयीप्रमाणे ऋण बाजू बॉडीला जोडली. दिवे लागले, पंप टिकटिकला, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण इंजिन सुरू होऊन डायनामो वीज देऊ लागताच त्याची वीज बॅटरीच्या विरुद्ध न जाता तिच्यात भर घालू लागली आणि डायनामोला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआऊटचे पॉइंट ठिणग्या उडवत जळून एकमेकांना चिकटले. मुलाचा दोष नव्हता, त्याने असली गाडी आयुष्यात पाहिलीच नव्हती. नवा कटआऊट बसवल्यावर मी बॅटरीच्या फळीवर पांढऱ्या रंगाने ठळक अक्षरांत "धन बाजू बॉडीला" असे लिहून ठेवले आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनीही तसे लिहून ठेवावे. वायरिंग तर आमचे उंदरांनी कुरतडलेच होते. मुळात या गाडीत दोनच फ्यूज आहेत, त्यामुळे कापडी आवरणाची जुनी वायर कुठे उघडी पडली तर तिला आवरणारे कोणी नसते. आम्ही सगळा हार्नेस नवा घातला आणि बॅटरीला तोडणारा एक खटका बसवला.

एवढे सगळे होऊन २०२३ च्या मे महिन्यात इंजिन सुरू झाले आणि सुरू राहिले. घरात पेढे वाटले गेले. मेस्त्री मात्र म्हणाले, "सुरू झाली, अजून चालली नाही," आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले, कारण नीट चालायला तिला आणखी आठ महिने लागले. सपाट रस्त्यावर ती गोड चाले, पण म्हार्दोळच्या चढणीला दम टाकी. पॉइंट, प्लग, कंडेन्सर सगळे नवे होते, टायमिंग बल्ब लावून बघितले होते. शेवटी मेस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटर काढून पॉइंटांची पाटी उचलली. तिच्याखाली दोन लहान वजने असतात, इंजिनाची गती वाढली की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. ती गंजून जागच्या जागी बसली होती. म्हणजे मंद गतीला ठिणगी वेळेवर आणि वेगात उशिरा. रॉकेलने धुऊन, तेलाचा एकेक थेंब देऊन ती मोकळी केली आणि चढणीचा दम गेला.

दुसरे दुखणे उष्णतेचे होते. रेडिएटर नवा भरून घेतला होता, तरी अनमोड घाटात पहिल्या दोन वळणांतच पाणी उकळले. ब्लॉकच्या मागच्या टोकाला पाणी सोडायची तोटी आहे, ती उघडल्यावर थेंबही आला नाही. तार घालून खणले, तेव्हा गंजाचा घट्ट चिखल निघाला. तो चौथ्या सिलिंडरभोवती भिंतीसारखा बसला होता आणि तिथपर्यंत पाणी पोचतच नव्हते. बोअरिंगच्या वेळी ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचे (कोअर प्लग) काढून तो आतून धुतला असता तर हे टळले असते, ही चूक माझीच. तीन दिवस पाण्याचा झोत सोडल्यावर मग तोटीतून स्वच्छ पाणी आले.

आणि कार्ब्युरेटर. त्याविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण ती विद्या हाताने हाताला देण्याची आहे. मायनरला एसयू जातीचा एकच कार्ब्युरेटर असतो. त्यात एक पिस्टन हवेच्या ओढीने वर-खाली होतो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमध्ये कमी-अधिक शिरते आणि त्यानुसार पेट्रोल मिळते. मेस्त्रींनी गरम इंजिन मंद गतीवर ठेवले आणि तो पिस्टन खालच्या बारीक खिळीने केसभर उचलला. इंजिन लगेच गुदमरले. म्हणाले, पेट्रोल कमी पडते आहे. जेटची नट एक पैलू फिरवून पुन्हा उचलला, तर गती वाढली आणि वाढलेलीच राहिली, म्हणजे आता जास्त झाले. अर्धा पैलू मागे आणून तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा गती क्षणभर किंचित चढली आणि लगेच पूर्वपदावर आली. "आता कान लाव," असे म्हणून त्यांनी मला मफलरजवळ बसवले. धडधड एकसारखी झाली होती, ठोके मोजता यावेत इतकी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला हवेच्या मानाने अधिक इंधन लागते, म्हणून पुस्तकात दिलेल्या मापावर न थांबता असे कानाने जुळवावे लागते, हेही त्यांनीच समजावले. पिस्टनच्या वरच्या डॅशपॉटमध्ये पातळ तेल आहे की नाही हे पाहायला बहुतेक जण विसरतात. ते सुकले असेल तर गाडी पायाखाली एकदम पेट्रोल मागताना अडखळते आणि लोक उगाच पंप बदलतात.

या साऱ्या खटाटोपापेक्षा एखाद्या नव्या गाडीचे इंजिन आत बसवून मोकळे व्हावे, असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो देणाऱ्यांनी केंद्र सरकारचे नियमही वाचावेत. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ही व्हिंटेज ठरते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल केलेले असतील तर ती या व्याख्येत बसत नाही. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते आणि पुढील पुनर्नोंदणीला ५ हजार रुपये लागतात. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, व्यवसायासाठी नाही. म्हणजे पन्नाशी उलटलेल्या फियाटमध्ये घाईने मारुतीचे इंजिन टाकणारा मालक पैसे वाचवत नाही, गाडीची ओळखच गमावतो. सुरुवातीलाच तेल घालून थांबला असता, तर त्याला बहुधा त्याची गरजही पडली नसती.

महोदय, ही सर्व माहिती मला कुठल्या वर्गात मिळाली नाही. ती एका माणसाच्या हातांत आणि कानांत होती आणि त्याने ती मोठ्या मनाने दिली. त्यांच्या वयाचे मेस्त्री म्हापशात, मडगावात, डिचोलीत अजून आहेत, पण त्यांच्या गॅरेजांत शिकायला मुले येत नाहीत, कारण आजची गाडी संगणक जोडून तपासली जाते आणि पॉइंटांची फट पट्टीने मोजणारा मुलगा त्यावर पोट भरू शकत नाही. फर्मागुडीपासून काकोड्यापर्यंत आपल्या राज्यात सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि त्यांत मोटार मेकॅनिकचे विद्यार्थी आहेत. त्यांपैकी दोन-तीन संस्थांनी या वृद्ध मेस्त्रींना वर्षातून काही आठवडे मानधन देऊन बोलवावे. जाम इंजिन मोकळे करणे, कार्ब्युरेटर जुळवणे, डायनामो आणि कटआऊट, जुने ब्रेक उघडणे, एवढे विषय ते मुलांकडून हाताने करून घेतील. त्यांचे बोलणे आणि हात दोन्ही चित्रित करून ठेवावेत, आणि ते काम येत्या एक-दोन वर्षांत व्हावे, कारण माझ्या मेस्त्रींचे हात आता थरथरू लागले आहेत. आपल्या दैनिकाने हा विषय राज्याच्या कौशल्य विकास खात्यापुढे मांडावा, ही नम्र विनंती.

आमच्या गाडीतून निघालेले तुटक्या रिंगेचे तीन तुकडे, कापलेली ब्रेकची नळी, जळालेला कटआऊट आणि टाकीच्या तळाचा तो काकवीसारखा थर बाटलीत भरून मी जपून ठेवला आहे. जी संस्था असे वर्ग घेईल तिला हे सर्व देण्यास मी तयार आहे, आणि रविवारी मुलांना बघायला मायनरही सावईवेऱ्याहून स्वतः चालवत घेऊन येईन.

आपला नम्र,
एक वाचक
सावईवेरे, फोंडा, गोवा